जंबो गिटारचा तासलेला कोपरा

माझ्या दुकानात गिटार घेऊन येणारा माणूस आधी त्या गिटारबद्दलचं आपलं मत सांगायचा आणि मग बिघाड. डॉक्टरकडे गेलेला माणूस सरळ पोट दुखतंय म्हणतो. आपलं पोट किती उच्च प्रतीचं आहे ते सांगत बसत नाही. गिटारवाले सांगतात. गिटार जितकी भारी तितकं मत लांब.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं गिटार दुरुस्तीचं दुकान होतं. गेल्या वर्षी ते बंद केलं आणि आता अंबरनाथ पश्चिमेला घरी असतो. संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहा म्हटल्यावर खूप मालक डोळ्यांपुढून गेले, पण लिहायला बसलो आणि एकाच गिटारपाशी अडकलो. त्या गिटारने मला जेवढे धक्के दिले तेवढे बाकी सगळ्यांनी मिळून दिले नसतील. शेवटच्या धक्क्यातून तर मी अजून सावरलेलो नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी मूळचा पॅटर्नमेकर. अंबरनाथच्या एका कारखान्यात ओतकामासाठी लाकडाचे नमुने बनवायचो. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी लाकडात हुबेहूब नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा. केसभर इकडेतिकडे झालं तर फोरमन नमुना परत अंगावर फेकायचा. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा हातात तेवढीच एक विद्या होती. ओळखीतल्या कुणाची तरी गिटार मोडली, ती जोडून दिली, आणि त्यातून हे पोटापाण्याचं झालं. मला गिटार वाजवता येत नाही. सूर जुळवण्यापुरती छेडता येते, बस. लोकांना याचं नवल वाटायचं. चपला शिवणारा धावण्याच्या शर्यतीत कुठे उतरतो, असं मी म्हणायचो.

आता जंबो म्हणजे काय ते सांगतो. लाकडी गिटारमध्ये सगळ्यात मोठ्या अंगाची ती जंबो. नेहमीच्या गिटारपेक्षा रुंद, कमरेखाली चांगली गोल. समोरचा तक्ता पातळ असतो, आतून नाजूक पट्ट्यांनी तोललेला. तारेचा कंप त्या तक्त्याला मिळतो आणि पोटातली हवा तो आवाज मोठा करते. पोट मोठं तर आवाज खोल. पण मोठ्या पोटाचे त्रासही मोठे. स्टेजवर माइकजवळ नेली की घूं करून शीळ घालते. बेलवलीच्या एका भजनी मंडळातल्या गृहस्थांनी यावर उपाय म्हणून आपल्या जंबोच्या पोटात घरातली गोधडी कोंबली होती. बारीक बारीक चिंध्या करून. "आता शांत झाली बघा," म्हणाले. शांत झाली होती खरी. आवाजच येत नव्हता.

ज्या गिटारची ही गोष्ट आहे ती परदेशी होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, जाणणाऱ्यांना एरवीही कळेल. तिचे पहिले मालक हरीशभाई. उल्हासनगरात त्यांचं जीन्सचं मोठं दुकान. परदेशातल्या मेहुण्याकडे गेले होते, तिथून ती घेऊन आले आणि दुकानात काचेच्या दाराशी स्टँडवर उभी केली. वाजवायला त्यांना येत नव्हतं, पण मत होतं.

"सुर्वे, आवाज मत देखो," ते म्हणायचे. "कद देखो इसका. गिऱ्हाईक आत येताना आधी हिला बघतो, मग जीन्सला."

तिला पहिल्यांदा माझ्याकडे आणली तेव्हा तक्ता चिकट लागत होता. बोट लावलं तर ठसा उठायचा. मी विचारलं, काय लावता हिला.

"खोबरेल. रोज सुबह. शाइन बघ ना."

मी गिटार खाली ठेवली. जगात नाव असलेल्या कारागिरांनी बनवलेलं वाद्य, आणि त्याला रोज सकाळी डोक्याचं तेल. ते तेल काढण्यात मी इतका काळ घालवला की घरी बायको म्हणाली, तुमच्या हातांना आज-काल न्हाणीघराचा वास येतो. नशीब, तेल वरच्या लेपाखाली फारसं उतरलेलं नव्हतं. साफ करून नव्या तारा चढवल्या आणि सूर लावून एक तार छेडली, तेव्हा माझ्या दुकानातल्या भिंतीवर टांगलेल्या बाकीच्या गिटारी आपोआप गुणगुणायला लागल्या. असं होतं, एका तारेच्या सुराला दुसरी तार जागी होते. पण एवढ्या जोरात झालेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

पुढे दुकानात पुतळे उभे करायला जागा हवी म्हणून हरीशभाईंनी ती विकली. घेतली बदलापूरच्या मोहिते सरांनी.

मोहिते सर कात्रपला राहायचे. घराच्याच बाहेरच्या खोलीत गिटारचा क्लास. आमच्या भागात गिटार शिकलेला जो कुणी भेटेल तो बहुतेक त्यांचाच विद्यार्थी. उंच, हडकुळे, बोलायला मऊ. ते नवीन रचना करायचे, घरीच ध्वनिमुद्रण करून इंटरनेटवर टाकायचे. चित्रफितीत माणूस कधी दिसायचा नाही. खिडकीपाशी टेकवलेल्या त्या जंबोचं छायाचित्र आणि मागे वाजणं. ते लांबलांबचे लोक ऐकायचे. तरुणपणी सर स्टेजवर वाजवायचे, नंतर त्यांनी ते सोडलं. "स्टेजवर माणूस वाजवतो, रेकॉर्डिंगमध्ये फक्त वाद्य," असं ते म्हणायचे आणि मुलं ते वाक्य वहीत लिहून घ्यायची.

जंबोबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "काका, ही गिटार फक्त एकाच हाताला ओळखते. दुसऱ्याच्या हातात ही नुसता आवाज करते."

क्लासमध्ये तिला कुणी हात लावायचा नाही. माझ्याकडे मात्र ते स्वतः घेऊन यायचे. तारा बोटांखालच्या पट्टीकडे थोड्या खाली आणून द्या म्हणायचे. तार जितकी खाली तितकी दाबायला हलकी. पुढच्या वेळी परत, अजून थोड्या. मला वाटायचं, वय झालं की बोटं कुरकुरतात. काम झालं की इतर लोक दुकानातच वाजवून बघतात, शंभर चुका काढतात. सर कधीच वाजवायचे नाहीत. "तुमचं काम आहे, बघायचं काय त्यात," म्हणून पेटीत घालून निघायचे. मी हे चारचौघांत अभिमानाने सांगायचो. एवढा मोठा वादक, पण माझ्यावर एवढा विश्वास.

सर अचानक गेले. क्लासमध्ये मुलांना शिकवतानाच छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. स्मशानात विद्यार्थ्यांचीच गर्दी होती. त्यांत केदार म्हणून एक होता. सरांचा सगळ्यात लाडका, उंचापुरा, औषधांच्या कंपनीत नोकरीला. लहानपणापासून सरांकडे शिकलेला. तो ओक्साबोक्शी रडत होता.

काही महिन्यांनी सकाळी दुकान उघडून झाडत होतो, तर दारात रिक्षा थांबली आणि शुभांगीवहिनी उतरल्या. मोहिते सरांच्या पत्नी. जंबोची ती भलीमोठी काळी पेटी त्यांनी डाव्या हाताने ओढत आत आणली. बाई ठेंगण्या, पेटी जवळजवळ त्यांच्या खांद्याला लागत होती. मला वाटलं विकायला आणली असेल. गिऱ्हाईक कोण मिळेल याचा विचार माझ्या डोक्यात सुरूही झाला.

वहिनी बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सुर्वेकाका, ही कापून लहान करून मिळेल?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पेटी?"

"गिटार. माझ्या मापाची करून हवीय."

मी उभाच होतो, तो स्टुलावर बसलो. एखाद्याने चांगली म्हैस आणून सांगावं की गोठा लहान आहे, हिचा मागचा भाग काढून टाका, तसं ते होतं. मी त्यांना समजावायला लागलो. वहिनी, पोट लहान केलं तर आवाज जाईल. तुम्हाला शिकायचीय का? मग मी लहान अंगाची छान गिटार शोधून देतो, हलकी, बायकांना बरी पडेल अशी.

त्या माझं सगळं बोलणं होईपर्यंत थांबल्या. मग पेटी उघडली, जंबो मांडीवर घेतली आणि वाजवायला लागल्या.

मी काय सांगू. सरांची सगळ्यात गाजलेली रचना होती ती, संथ सुरू होऊन पाण्यासारखी पसरत जाणारी. माझ्या दुकानात ती दिवसातून एकदा तरी लागायची. ती माझ्यासमोर, त्याच गिटारवर, त्याच थांब्यांसह वाजत होती. कुठे बोट किंचित उशिरा पडतं, कुठे तार जरा जास्त दाबली जाते, सगळं तेच. ऐकून ऐकून शिकलेल्या माणसाचं वाजवणं मला कळतं. त्यात जपून चालणं असतं. यांच्यात ते नव्हतं. मधेच त्यांचा उजवा हात थांबला, चेहरा वेडावाकडा झाला आणि त्यांनी दंड दाबून धरला.

"इथपर्यंतच येतं," म्हणाल्या. "पुढे हात बधिर होतो."

"वहिनी, हे सर वाजवायचे..."

"रचना त्यांची आहे. वाजवलेलं माझं आहे. सगळं रेकॉर्डिंग माझंच आहे, काका."

गल्लीत करवतीचा आवाज चालू होता. मी उठून दार लोटलं. का लोटलं ते मलाही कळलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. लग्नाआधी त्या सरांच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनी. लग्नानंतर जंबो घरात आली, आणि त्यानंतर थोड्याच काळात सरांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाजवताना आत वळायला लागली. चहाचा कप धरताना नीट, शर्टाची बटणं लावताना नीट, गिटारवर ठेवली की आत वळायची. मोठ्या इस्पितळात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वादकांना होतं असं, मेंदूकडून चुकीचा निरोप जातो, यावर खात्रीचा इलाज नाही. क्लास नुकता नावारूपाला येत होता.

"ते क्लास बंद करायला निघाले होते," वहिनी म्हणाल्या. "मीच नको म्हटलं. म्हटलं, शिकवायला तोंड पुरतं, मुलांकडून वाजवून घ्या. आणि रेकॉर्डिंग मी करते, बोटं बरी होईपर्यंत. ती काही बरी झाली नाहीत. त्यांना फार लागायचं हे, काका. मी वाजवत असले की ते स्वयंपाकघरात जाऊन बसायचे."

तारा खाली का आणायच्या होत्या, सर दुकानात का वाजवायचे नाहीत, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. ज्या विश्वासाचा मी एवढा तोरा मिरवला होता तो विश्वास नव्हताच. माणूस घाबरून पेटी बंद करत होता.

"मग दुसरी गिटार का नको?" मी विचारलं. "वाजवणाऱ्या तुम्हीच, तर कशावरही वाजेल."

"सरांच्या वर्षश्राद्धाला मुलांनी कार्यक्रम ठेवलाय. तिथे मला हे सांगायचंय. दुसऱ्या गिटारवर वाजवलं तर लोक म्हणतील, बाई बिचारी नवऱ्याची नक्कल छान करते. ही गिटार लोकांच्या ओळखीची आहे."

दंडाचं दुखणं मी बघितलं. जंबोचं अंग खोल, बाई ठेंगण्या. उजवा हात वरून घेताना गिटारची कड दंडाखाली रुतत होती, वर्षानुवर्षं. त्यात खांदा धरलेला. डॉक्टरांनी वाजवूच नका सांगितलं होतं. विचार करून मी म्हटलं, पोट लहान करायची गरज नाही. जिथे हात टेकतो तेवढाच कोपरा उतरता करता येईल, घाटाच्या पायरीची धार मोडल्यासारखा. आवाजाला फारसा धक्का लागणार नाही. पण एकदा तासला की तासला. गिटारची बाजारातली पत गेली.

"मला ती विकायची नाहीये," वहिनी म्हणाल्या. "आणि एक. कार्यक्रमापर्यंत कुणाला सांगू नका. मला स्वतःच्या तोंडाने सांगायचंय."

मी शब्द दिला. तो किती जड जाणार आहे हे तेव्हा कळलं नाही.

केदार आणि आणखी काही विद्यार्थी आठवड्याच्या आतच दुकानात आले. वहिनींनी त्यांना गिटार दुरुस्तीला दिलीय एवढंच सांगितलं होतं. मुलांचा बेत होता की कार्यक्रमात जंबो फुलं घालून स्टेजवर ठेवायची आणि मग क्लासमध्ये काचेच्या कपाटात लावायची. जंबो बाकावर होती. तक्त्यावर मी पेन्सिलने उतार आखला होता. केदारने ते बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका, हे काय?"

मी सांगितलं, कोपरा उतरता करायचाय.

"सरांच्या गिटारला तुम्ही कापणार?"

"मालकिणीने सांगितलंय."

"काकू आत्ता दुःखात आहेत, त्यांना काय कळतंय. तुम्हाला कळायला पाहिजे ना. सरांनी हिला आम्हाला कधी हात लावू दिला नाही, आणि तुम्ही डायरेक्ट करवत लावणार?"

वहिनींना शब्द दिला होता. सांगता येत नव्हतं. केदार आवाज चढवणारा मुलगा नव्हे, पण निघताना म्हणाला, "तुम्ही हे करू नका, काका. केलंत तर आमच्यातलं कुणी परत तुमच्याकडे येणार नाही." आणि तसंच झालं. क्लासची मुलं यायची बंद झाली. कुणीतरी इंटरनेटवर माझ्या दुकानाबद्दल लिहिलं की हा सुतार आहे, याला वाद्य देऊ नका. सुतार म्हटल्याचं वाईट वाटलं नाही. वाद्य देऊ नका हे मात्र मी परत परत वाचलं.

एका मोडक्या गिटारवर मी आधी सराव केला. पद्धत अशी: गोल भोकातून हात आत घालून त्या कोपऱ्याला आतून लाकडाचा ठोकळा चिकटवायचा. तो कोपऱ्याच्या वळणाला इतका नेमका बसला पाहिजे की मध्ये फट राहता कामा नये, कारण पुढे बाहेरून तासत तासत आपण त्या ठोकळ्यातच उतरणार असतो. वळणाचा नमुना, त्याबरहुकूम ठोकळा. माझा जुना धंदाच तो. मग उघड्या पडलेल्या उतारावर पातळ लाकडी पापुद्रा ऊब देऊन वाकवून बसवायचा.

जंबोच्या कोपऱ्याला तासणी लावली तेव्हा पहिली कपची निघाली आणि मी ती उचलून हातात घेतली. तेवढ्या वर्षांत मी मोडलेली वाद्यं जोडत आलो होतो. धडधाकट वाद्यावर हत्यार मी पहिल्यांदाच चालवत होतो. कपचीला अजून हरीशभाईंच्या खोबरेलाचा वास येतोय असा मला भास झाला. काम झालं. उतार हाताला गुळगुळीत लागला. वहिनींनी हात टेकवून बघितला आणि सबंध रचना शेवटपर्यंत वाजवली.

कार्यक्रम अंबरनाथ पश्चिमेच्या एका सभागृहात, रविवारी सकाळी होता. मी मागच्या रांगेत बसलो. मुलांनी सरांच्या रचना वाजवल्या, आठवणी सांगितल्या. मग निवेदक म्हणाला, आता काकू दोन शब्द बोलतील. वहिनी जंबो घेऊन आल्या आणि खुर्चीवर बसल्या. तासलेला कोपरा सगळ्यांना दिसला. पुढच्या रांगांत कुजबुज झाली.

"ही रचना सरांची आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऐकता ती मी वाजवलेली आहे. सगळ्याच मी वाजवलेल्या आहेत. सरांचा हात लग्नानंतर लवकरच गेला होता."

आणि वाजवायला लागल्या. मला वाटलं होतं की वाजणं सुरू झालं की सगळ्यांना कळेल. तसं झालं नाही. काही लोक खाली मान घालून रडत होते, पण सरांसाठी. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "माणूस गेल्यावर काय वाट्टेल ते बोलायचं." एक जोडपं उठून निघून गेलं. वाजवणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या, पण तुटक, अवघडलेल्या.

केदार पहिल्या रांगेत उभा राहिला.

"काकू, तुम्ही खूप छान वाजवलंत. पण हे सरांचं नाही. सरांच्या वाजवण्यात मधल्या भागात एक बारीक किण असा सूर येतो. तो आम्हाला कुणालाच आजवर काढता आला नाही. मी सरांना विचारलं होतं, तर ते नुसते हसले. तो तुमच्यातही आला नाही."

ती किण मलाही माहीत होती. मुलं तिला सरांचा परीसस्पर्श म्हणायची. मला वाटलं, आता बाईंचं काही खरं नाही.

वहिनी म्हणाल्या, "केदार, तुझी गिटार आण."

त्याने आपली नेहमीच्या घाटाची गिटार स्टेजवर नेऊन दिली. वहिनींनी जंबो बाजूला ठेवली, ती घेतली आणि तोच मधला भाग वाजवला. हात गिटारच्या कडेवरून खाली सरकला आणि किण वाजली. स्वच्छ. परत वाजवला, परत किण.

"बांगड्या आहेत," त्या म्हणाल्या. "एरवी मी काढून ठेवायचे. हे रेकॉर्ड केलं त्या दिवशी घरात पाहुणे होते, घाईत राहिल्या. कडेला अडकून एकमेकींवर आपटल्या. आम्हाला नंतर ऐकताना कळलं. सर म्हणाले राहू दे, एवढं तरी तुझं राहू दे. आता या गिटारला तिथे कड नाही, म्हणून ती किण आली नाही."

केदार स्टेजच्या पायरीवर बसला. त्या एका आवाजासाठी त्याने किती वर्षं बोटं झिजवली असतील याचा मला तेव्हा हिशोब करवेना. कार्यक्रम तसाच संपला. लोक चपला शोधत होते.

नंतर क्लासमधले निम्मे विद्यार्थी गेले. काहींना वाटलं आपल्याला फसवलं गेलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. उरलेल्यांना वहिनी शिकवायला लागल्या. केदार बराच काळ कुठेच दिसला नाही आणि मग एक दिवस क्लासमध्ये जाऊन मागच्या चटईवर बसला, असं वहिनींनीच सांगितलं. त्या माझ्याकडे आल्या होत्या, लहान अंगाची गिटार बघायला. मी भिंतीवरची एक साधी, हलकी गिटार काढून दिली. त्यांनी ती वाजवली आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा आराम बघितला.

"आणि जंबो?" मी विचारलं.

"केदारला दिली. त्याच्या अंगाला शोभते."

ज्या गिटारसाठी एवढं झालं, जिचा धडधाकट कोपरा मी तासला, ती अशी देऊन टाकली?

"खरं सांगू का काका," त्या म्हणाल्या, "मला ती गिटार कधीच आवडली नाही. एवढी मोठी, कुशीत मावत नाही, आवाज सगळा पोटात घोळत राहतो. ती सरांना आवडायची. मला तिच्यावर एकदाच वाजवायचं होतं, सगळ्यांसमोर बसून. ते झालं."

त्या गिटारबद्दल मी इतक्यांची मतं ऐकली होती. तिला सगळ्यात जास्त वाजवलेल्या माणसाचं मत मात्र कुणी विचारलंच नव्हतं, आणि ते असं निघालं.

दुकान कायमचं बंद करायच्या सुमारास केदार जंबो घेऊन आला. कार्यक्रमानंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर येत होतो. आधी माझ्या पाया पडला. मग पेटी उघडून म्हणाला, "काका, एक काम होतं. हा कोपरा परत भरून मिळेल? होता तसा करून?"

मला वाटलं, एवढं सगळं होऊनही याला ते पुसायचंच आहे.

"का रे?"

"मला या उताराची गरज नाही, माझा हात लांब आहे. आणि सीन असा आहे, कुठेही वाजवायला गेलो की लोक हेच विचारतात. एवढी भारी गिटार, कुणी कापली? का कापली? मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. सरांची बोटं, काकूंचं रेकॉर्डिंग, बांगड्या. दर वेळी. मी थकलो, काका."

गिटार त्याची होती. मालक सांगेल ते करायचं, याच नियमावर मी तो कोपरा तासला होता. भरताही आला असता. तसा ठोकळा मी सहज बसवला असता. मी जंबो बाकावर आडवी घेतली, उतारावरून हात फिरवला, जुन्या तारा उतरवून नव्या चढवल्या आणि सूर लावून त्याच्या हातात दिली.

"आणि कोपरा?" त्याने विचारलं.

"कुणी विचारलं की सांगत जा," मी म्हटलं.